बस्त्याला आलेली मुलगी कितवीत आहे?

लग्नसराईत नगरच्या कापड बाजारात दुपारनंतर पाय ठेवायला जागा नसते. खेड्यापाड्यांतून जीप भरभरून वऱ्हाड येते. गादीवर शालू उलगडले जातात, मानपानाच्या साड्या मोजल्या जातात, चहा सांगितला जातो. बस्ता बांधताना दुकानदाराचे लक्ष मालाकडे आणि खरेदी करणाऱ्या थोरल्या माणसाच्या चेहऱ्याकडे असते. जिच्यासाठी हे सारे चाललेले असते ती नवरी बहुधा आई-मावशीच्या आड बसलेली असते. शालू तिच्या खांद्यावर टाकून पाहिला जातो आणि एखाद्या अनुभवी दुकानदाराच्या मनात क्षणभर चर्र होते, की ही मुलगी फारच लहान दिसते. इतक्यात भावाची घासाघीस सुरू होते. तो विचार तिथेच राहतो आणि गाठोडे बांधले जाते.

दुकानदाराच्या मनात क्षणभर येऊन गेलेला हा विचार ज्यांच्या रोजच्या कामाचा आरंभबिंदू असतो, अशा माणसांविषयी हा लेख आहे. सरकारी भाषेत त्यांच्या कामाला बालसंरक्षण म्हणतात. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे आपल्या तोंडी अजूनही असलेल्या नगर जिल्ह्यात, ही माणसे काय करतात, त्यांच्यापुढे कोणते पेच असतात आणि व्यापारी समाज म्हणून आपला त्यांच्याशी काय संबंध आहे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पाच अतिचार आणि एक कलम

श्रावकाच्या पहिल्या व्रताचे, म्हणजे स्थूल प्राणातिपात विरमणाचे, पाच अतिचार आपल्यापैकी अनेकांना मुखोद्गत आहेत: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारणे, अवयवाला इजा करणे, झेपणार नाही इतका भार लादणे आणि खाण्यापिण्यात खंड पाडणे. प्रतिक्रमणात यांची आलोचना करताना आपल्या डोळ्यांसमोर बहुधा बैल, घोडे, पाखरे येतात. पांजरपोळ आणि जीवदयेची थोर परंपरा त्याच जाणिवेतून उभी राहिली. परंतु आवश्यक सूत्राच्या जुन्या व्याख्यांनी चतुष्पदांबरोबर द्विपदांचाही, म्हणजे आपल्या आश्रयाने राहणाऱ्या माणसांचाही, येथे स्पष्ट विचार केला आहे.

आश्रित माणसांत सर्वांत असहाय कोण, तर मूल. किशोर न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याचे ७५ वे कलम या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. मूल ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे त्याने मुलाला मारहाण केली, टाकून दिले, छळले किंवा जाणूनबुजून त्याची हेळसांड केली आणि त्यामुळे मुलाला विनाकारण शारीरिक वा मानसिक क्लेश होण्याचा संभव असला, तर तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायद्याची आणि व्रताची भाषा वेगळी आहे, तरीही बालसंरक्षण कार्यकर्ता एखाद्या घरात किंवा दुकानात शिरल्यावर ज्या खुणा शोधतो त्या जवळजवळ याच पाच आहेत. मूल कोंडून ठेवले आहे काय, अंगावर वळ आहेत काय, जखम आहे काय, ओझे त्याच्या वयाला पेलणारे आहे काय आणि ते जेवले आहे काय.

ही माणसे कोण?

प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी असतो आणि त्याच्या कार्यालयाशी जोडलेला जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. मिशन वात्सल्य या केंद्र व राज्य शासनाच्या संयुक्त योजनेतून हा कक्ष चालतो. त्यात संरक्षण अधिकारी, विधी तथा परिवीक्षा अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते आणि गावोगाव फिरणारे क्षेत्र कार्यकर्ते असतात. यांतील बहुतेक जण कंत्राटी पद्धतीने, मानधनावर काम करतात. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. जिल्ह्याची बालकल्याण समिती एक अध्यक्ष व चार सदस्यांची असते. त्यांत किमान एक महिला असावी लागते. या समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात आणि महिन्यातून किमान वीस दिवस तिने बसावे, असा दंडक आहे.

या सर्वांपर्यंत पोहोचण्याचा दरवाजा म्हणजे १०९८ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक. १९९६ मध्ये मुंबईत जेरू बिलिमोरिया यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेतून चाइल्डलाइनचा हा उपक्रम सुरू केला आणि पुढे तो देशभर पसरला. आपल्या जिल्ह्यात अनेक वर्षे स्नेहालय ही संस्था तो चालवीत होती. २०२३ पासून शासनाने हे काम आपल्या यंत्रणेकडे घेतले, क्रमांक मात्र तोच राहिला.

स्नेहालयाचे नाव आले म्हणून थोडे मागे जाऊ. १९८९ मध्ये नगरमध्ये प्रा. गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या तरुण सोबत्यांनी देहव्यापारात अडकलेल्या स्त्रियांच्या मुलांसाठी काम आरंभले. रात्रीच्या वेळी ती मुले जातील कोठे, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. शहरातील प्रतिष्ठित वस्तीला ज्या गल्लीचे नाव घेणे नको होते, तेथील मुलांसाठी निवारा उभा राहिला. आज औद्योगिक वसाहतीत संस्थेचे मोठे पुनर्वसन संकुल आहे.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. १८६३ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८७५ मध्ये पंढरपूरला प्रार्थना समाजाने अनाथ बालकाश्रम सुरू केला, त्यामागे लालशंकर उमियाशंकर या गुजराती न्यायाधीशांचा पुढाकार होता. १९२४ मध्ये मुंबई इलाख्यात मुलांसाठीचा स्वतंत्र कायदा झाला. या शंभर-दीडशे वर्षांत घडलेला मुख्य पालट ध्यानी घेण्यासारखा आहे. पूर्वी प्रश्न असे, की निराधार मुलाला ठेवायचे कोठे? आज पहिला प्रश्न असा, की या मुलाला त्याच्या कुटुंबातच सुरक्षित ठेवता येईल काय?

जिल्हा मोठा, दुःखे अनेक

क्षेत्रफळाने आपला जिल्हा राज्यात सर्वांत मोठा आहे, सुमारे १७,००० चौरस किलोमीटरचा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ४५ लाखांहून अधिक होती. चौदा तालुके आहेत. उत्तरेकडे प्रवरा-गोदावरीच्या पाण्यावर पोसलेला ऊस आहे. १९५० मध्ये प्रवरानगरला सुरू झालेल्या सहकारी साखर कारखान्याची कीर्ती आपण जाणतोच. दक्षिणेकडे पाथर्डी, जामखेड, शेवगाव या भागांतून पावसाळा सरला की ऊसतोडणीच्या टोळ्या बाहेर पडतात. अकोल्याच्या डोंगरात आदिवासी वाड्या आहेत. शिर्डीला देशभरातून गर्दी येते आणि त्या गर्दीत कधी मूल हरवते, तर कधी मुद्दाम मागे ठेवले जाते. दौंड-मनमाड लोहमार्गावर घर सोडून आलेली मुले उतरतात. शहरांत हॉटेले, गॅरेज, वीटभट्ट्या आणि आपली दुकाने आहेत. इतक्या पसाऱ्यात जिल्हा कक्षाचे मोजके कार्यकर्ते फिरत असतात. सकाळी अकोल्याला चौकशी, दुपारी समितीसमोर अहवाल आणि सायंकाळी जामखेडहून दूरध्वनी, असा दिवस त्यांच्या वाट्याला येऊ शकतो.

चोवीस तास, पंधरा दिवस, चार महिने

कामाची रीत ध्यानी यावी म्हणून एक प्रसंग कल्पू. नगर-मनमाड रस्त्यावरच्या एका ढाब्यावर अकरा वर्षांचा मुलगा भांडी घासतो. मालाच्या गाडीबरोबर जाणारा एक व्यापारी तेथे जेवायला थांबतो, मुलाच्या हातावरचे चटके पाहतो आणि १०९८ ला कळवितो. कार्यकर्ता पोलिसांना घेऊन ढाब्यावर पोहोचतो. येथून घड्याळ सुरू होते. मुलाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर उभे केले पाहिजे, प्रवासाचा वेळ तेवढा वगळून. समितीची बैठक नसेल तर एखाद्या सदस्यासमोर न्यावे लागते. मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. त्याची वैद्यकीय तपासणी होते आणि त्याच्या वयाचा पुरावा शोधला जातो. त्यासाठी प्रथम शाळेचा दाखला, तो नसल्यास नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी, असा क्रम कायद्याने घालून दिला आहे.

मग येते गृहचौकशी. पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल तयार करावयाचा असतो. कार्यकर्ता पाथर्डी तालुक्यातील त्या मुलाच्या गावी जातो. घराला कुलूप असते. शेजारी म्हातारी आजी भेटते. वडील दोन वर्षांपूर्वी वारले, आई टोळीबरोबर कारखान्यावर गेली आहे. पूर्वी नवरा-बायको मिळून एक कोयता होता आणि त्यावर मुकादमाकडून उचल घेतली होती. नवरा गेला, उचल राहिली. ती फेडताना आईने मुलाला ओळखीच्या माणसाबरोबर ढाब्यावर पाठविले, निदान दोन वेळचे जेवेल म्हणून.

अशा वेळी कार्यकर्त्याच्या हाती असलेल्या कागदावर अनेक रकाने असतात: घरातील माणसे, उत्पन्न, निवारा, आजार, व्यसन, शाळा, शेजाऱ्यांचे मत. पण अखेरचा रकाना त्याच्या शिफारशीचा असतो. तेथे त्याने जे लिहिले त्यावर त्या मुलाचे पुढचे आयुष्य बरेचसे अवलंबून असते. समिती निर्णय देते, तोही साधारणपणे चार महिन्यांच्या आत, पण समितीला घर दिसते ते कार्यकर्त्याच्या डोळ्यांनी.

तोडणे की जोडणे

या कामातील सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. मूल घरातून काढले तर त्याची आई, भाषा, गाव, ओळख सारे एका दिवसात सुटते. घरात ठेवले आणि उद्या त्याला काही झाले तर? एका बाजूला अतिउत्साहाचा दोष, दुसऱ्या बाजूला उपेक्षेचा. निर्णय घेताना कार्यकर्त्याजवळ संपूर्ण माहिती कधीच नसते. समोर बसलेली आई खरे बोलते आहे की भीतीने बोलते आहे, मुलगा 'घरी जायचे नाही' म्हणतो ते मनापासून की कोणी शिकविल्यामुळे, हे ताडावे लागते.

कायद्याने येथे दिशा स्पष्ट ठेवली आहे. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय समजावा. आपल्या प्रसंगातील आई क्रूर नाही, अगतिक आहे. म्हणून शिफारस अशी होऊ शकते: मुलगा आजीजवळ राहील, गावच्या शाळेत पुन्हा दाखल होईल, तोडणीच्या हंगामात शासनाच्या हंगामी वसतिगृहाची सोय पाहिली जाईल आणि एकल पालकाचे मूल म्हणून त्याला बालसंगोपन योजनेचा लाभ मिळेल. महाराष्ट्रात या योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे आणि २०२३ पासून तिचे अनुदान दरमहा २,२५० रुपये झाले. ढाबामालकावर बालकामगार कायद्याखाली कारवाई होते. चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवल्यास सहा महिने ते दोन वर्षे कारावास किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१६ च्या दुरुस्तीने झाली आहे. शाळेनंतर आपला मुलगा आपल्याच दुकानाच्या गल्ल्यावर बसून हिशेब शिकला तर त्याला हा कायदा हरकत घेत नाही, मात्र काम धोक्याचे नसावे आणि अभ्यास बुडू नये.

तरीही काही घरांतून मूल तत्काळ काढावेच लागते. जेथे मारणारा बापच आहे किंवा अत्याचार करणारा घरातीलच आहे, तेथे 'कुटुंब प्रथम' हे तत्त्व मुलाच्या जिवावर बेतू शकते. कोणते घर सावरता येईल आणि कोणते नाही, हे ओळखणे हीच या पेशाची विद्या आहे. चूक झाली तर ती कोणत्याही खतावणीत दुरुस्त होत नाही.

कोयता आणि मंगळसूत्र

आता कापड बाजारात परत येऊ. मुलीचे अठरा आणि मुलाचे एकवीस वर्षांपूर्वी लग्न लावणे २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाच्या आत झालेले होते. ऊसतोडणीच्या पट्ट्यात याचे एक कारण हिशेबाचे आहे. टोळीत जोडप्याला कोयता मानतात आणि उचल जोडप्याला मिळते. दुसरे कारण भीतीचे आहे. आईबाप सहा महिने उसाच्या फडात असताना वयात आलेली मुलगी गावात एकटी कशी ठेवावी? बापाला ती जबाबदारी उरकावीशी वाटते. म्हणून बालविवाह थांबविणारा कार्यकर्ता केवळ मांडवात जाऊन कायदा सांगत बसला तर काम होत नाही. मुलीच्या शाळेची आणि राहण्याची सोय लावली तरच थांबलेले लग्न थांबलेले राहते.

खेड्यात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो. माहिती मिळताच कार्यकर्ता शाळेतून मुलीची जन्मतारीख काढतो, ग्रामसेवक व पोलीस यांना बरोबर घेतो, पालकांचे जबाब आणि हमीपत्र घेतो, मुलीला समितीसमोर आणतो. गरज पडल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम मिळवितो. मनाई असताना लावलेला विवाह कायद्याने मुळातच शून्य ठरतो. पुष्कळदा खरी कसोटी त्यानंतर येते, कारण आज येथे थांबलेले लग्न आठवड्याने दुसऱ्या गावी, पहाटे, चार माणसांत उरकण्याचा प्रयत्न होऊ शकतो. मांडवात कार्यकर्त्याला शिव्या खाव्या लागतात. जेवणावळी वाया गेल्याचा राग त्याच्यावर निघतो. आणि गर्दीत मान खाली घालून उभी असलेली ती मुलगी काही बोलत नाही.

विवाह पार पाडणारा, घडवून आणणारा आणि त्याला साहाय्य करणारा अशा सर्वांना या कायद्यात दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कार्यालयाचे मालक, आचारी, बँडवाले, पत्रिका छापणारे यांनी हे लक्षात ठेवणे बरे. कापड दुकानदाराने वयाचा दाखला पाहावा, अशी सक्ती मात्र नाही. परंतु पाहा: लग्नाआधी काही दिवस ती मुलगी ज्या परक्या माणसांच्या समोर बसते ती माणसे म्हणजे कापडवाला आणि सराफ. ग्रामसेवकाला जे कळलेले नसते ते आपल्या गादीवर उघड दिसते. मापाची ओढाताण, वयाला न शोभणारा शालू, तिच्या हातात अजून असलेली शाळेची राखी.

'बाळ, कितवीत आहेस?' एवढा एक प्रश्न आपण सहज विचारू शकतो. 'नववीत' असे उत्तर आले तर रात्री दुकान बंद केल्यावर १०९८ ला एक दूरध्वनी. माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाते.

आपल्या मनातील शंका खोटी नाही. गिऱ्हाईक तुटेल. एका बस्त्यामागे एक गाव जोडलेले असते आणि पिढ्यांचे उधारीचे संबंध असतात. बातमी फुटली तर तो गाव दुसऱ्या पेढीवर जाईल. हे नुकसान खरे आहे आणि ते नाकारून उपदेश करण्यात अर्थ नाही. पण ज्याला परिग्रहाची मर्यादा घालून घेण्याचा संस्कार आहे, त्याने कोणता नफा आपल्या वहीत येऊ द्यायचा नाही हेही एकदा ठरवावे.

आपल्या घराच्या आत

बालसंरक्षण म्हटले की आपल्याला गरिबांची वस्ती दिसते. हा आपला सोयीचा गैरसमज आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला सर्वजण पोक्सो म्हणतात, तो बंगल्यालाही लागू आहे. मुलावर अत्याचार करणारा माणूस पुष्कळदा त्याच्या ओळखीचा आणि घरच्यांच्या विश्वासातील असतो. अशा वेळी 'घरातली गोष्ट घरात', 'समाजात नाव जाईल', 'मुलीचे पुढे लग्न व्हायचे आहे' ही वाक्ये उच्चारली जातात. या वाक्यांनी मूल दुसऱ्यांदा एकटे पडते.

या कायद्याने प्रत्येकावर एक कर्तव्य ठेवले आहे. असा अपराध घडल्याचे कळले असता पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळविलेच पाहिजे. न कळविणे हाही गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. मुलाची प्रतिष्ठा जपण्याच्या तरतुदीही याच कायद्यात आहेत, त्या फारशा कोणाला ठाऊक नसतात. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा, पोलिसांनी त्या वेळी गणवेशात असू नये. सुनावणी बंद दालनात व्हावी. नाव, छायाचित्र, शाळा, पत्ता काहीही प्रसिद्ध होऊ नये. समिती मुलाला एक आधारव्यक्तीही देऊ शकते. ती व्यक्ती खटला संपेपर्यंत कुटुंबाबरोबर राहते. मूल काही सांगू लागले तर घरच्यांनी करावयाचे ते थोडेच आहे: शांतपणे ऐकणे, पुन्हा पुन्हा खोदून न विचारणे, 'तुझी चूक नाही' असे सांगणे आणि ज्या माणसाचे नाव घेतले त्याच्यासमोर मुलाला उभे न करणे.

आणखी एक आरसा स्वयंपाकघरात आहे. गावाकडून 'कामाला मदत म्हणून' आणलेली बारा वर्षांची मुलगी कितीही प्रेमाने वागविली तरी ती बालकामगारच ठरते. तिला वाढायचे असेल तर शाळेत पाठवून तिच्या घरी मदत पाठविता येते.

दत्तक: रीत एकच

नगरमध्ये स्नेहालयाचा स्नेहांकुर हा दत्तक विधान प्रकल्प आहे. ज्या मातेला बाळ वाढविणे शक्य नाही तिला ते समितीसमोर कायदेशीरपणे सुपूर्द करता येते. त्यानंतर फेरविचारासाठी तिला दोन महिन्यांची मुदत असते. टाकलेल्या बाळाच्या बाबतीत पालकांचा शोध घेऊनच समिती त्याला दत्तकासाठी मुक्त घोषित करते. इच्छुक दांपत्याची नोंदणी केंद्रीय दत्तक ग्रहण संसाधन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर होते आणि गृहभेट देऊन अहवाल लिहिणारा पुन्हा एक सामाजिक कार्यकर्ताच असतो. २०२२ पासून अंतिम आदेश जिल्हाधिकारी देतात. प्रतीक्षा लांबते हे खरे. म्हणून ओळखीच्या परिचारिकेकडून किंवा मध्यस्थाकडून बाळ 'मिळवून' घेण्याचा मोह होतो. मुलाची खरेदी-विक्री हा पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा गुन्हा आहे. त्याहून मोठी गोष्ट ही, की असे मूल आयुष्यभर कायदेशीर ओळखीवाचून राहू शकते.

दानाची दिशा

आपला समाज देण्यात मागे नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी उचलली. नगरचे आनंदऋषीजी रुग्णालय आपल्या डोळ्यांपुढे आहे. प्रश्न दानतीचा नाही, दिशेचा आहे.

वाढदिवसाला बालगृहात जाऊन मिठाई वाटणे आणि मुलांना रांगेत बसवून छायाचित्र काढणे ही आपली रूढ पद्धत. त्या मुलांची ओळख प्रसिद्ध करण्यास किशोर न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने मनाई आहे, म्हणून ते छायाचित्र आपल्या गटावर टाकणे हाच नियमभंग ठरू शकतो. त्याऐवजी एखाद्या विधवा मातेच्या मुलाचा वर्षभराचा शाळेचा खर्च उचलला, तर ते मूल बालगृहात येण्याची वेळच टळू शकते. जिल्हा कक्षाकडे अशा कुटुंबांची माहिती असते.

दुसरे काम खास आपल्या आवाक्यातले आहे. संस्थेत वाढलेल्या मुलामुलींना अठरा वर्षे पूर्ण झाली की बाहेर पडावे लागते. एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे आणि २०१८ मध्ये राज्य शासनाने अनाथांसाठी एक टक्का आरक्षण ठेवले. परंतु ज्याला ओळखीचा एकही काका-मामा नाही त्याला पहिली नोकरी कोण देणार? खोली भाड्याने घेताना जामीन कोण राहणार? बाजारपेठ ओळखीवर चालते, हे आपल्याइतके कोणास ठाऊक आहे? एका पेढीने असा एक मुलगा किंवा मुलगी हिशेबाला, बिले करायला, गोदाम सांभाळायला घेतली आणि तीन वर्षे धीराने शिकविली, तर ते दान कोणत्याही पाटीवर कोरले जाणार नाही, पण एक घर उभे राहील.

तिसरे काम विनाखर्चाचे: १०९८ हा क्रमांक गल्ल्याजवळ, गोदामात आणि स्थानकाच्या फलकावर लिहून ठेवणे. आणि कार्यकर्ता दुकानात चौकशीला आला तर त्याला शत्रू न मानता खुर्ची देणे. त्याच्या हातात अधिकार थोडा आणि जबाबदारी मोठी असते. ज्याने कळविले त्याचे नाव तो सांगू शकत नाही, ज्या मुलासाठी धावला त्याची कथाही सांगू शकत नाही. यश मिळाले तरी त्याची वाच्यता करता येत नाही, असा हा पेशा आहे.

संवत्सरीला आपण चौऱ्यांशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागतो. त्यांत बस्त्याला आलेली ती मुलगीही असते, ढाब्यावरचा तो मुलगाही असतो. त्यांच्यापर्यंत आपले 'मिच्छामि दुक्कडम्' पोहोचविण्याची एक सोपी वाट या लग्नसराईत मोकळी आहे. शालू तिच्या खांद्यावर टाकण्यापूर्वी क्षणभर थांबावे, तिच्याकडे पाहावे आणि विचारावे, 'बाळ, कितवीत आहेस?'